सदतीस नंबरचं घड्याळ

चौसष्ट सर्व्हर, आणि प्रत्येकाची वही वेगळी.
कोण आलं, किती वाजता, काय मागितलं,
दिलं की दारातूनच परत पाठवलं.
एका ओळीत एक माणूस.
माणूस कसला, त्याचा आकडा.

भुसावळात मे महिना. रात्री दहालाही भिंतीला पाठ टेकवत नाही.
कणीक मळत होते, तेव्हा अत्तरदे सरांचा फोन:
“नेहेते मॅडम, मोलगीची एक मुलगी आहे, सेवंती वळवी.
म्हणते, नर्सिंगचा फॉर्म वेळेत भरला.
आपल्याकडे बारा वाजून दोन मिनिटांनी आलाय.
विषय संपलाच आहे तसा.
एकदा फक्त बघून घ्या.”

बघायचं म्हणजे चौसष्ट दारं ठोठवायची.
एकेकाकडून ती एक रात्र उचलून आणायची,
दाबून, आवळून,
नाहीतर घरच्या नेटचा जीव जायचा.
एकोणिसाव्याची डिस्क भरलेली,
त्यानं नऊनंतर लिहिणंच सोडलेलं.
बावन्नाव्याच्या वहीत महिना आधी, तारीख मागून,
कुण्या पोरानं हौसेनं बदललेलं.
कणीक वाळली. पोळ्या राहिल्या.

मग सगळ्या ओळी एकाच ढिगात ओतायच्या
आणि वेळेप्रमाणे लावायच्या.

वेळ म्हटलं की बाबा.
कंट्रोल ऑफिसात कानाला फोन, हातात पेन्सिल.
“म्हसावद, मालगाडी, दोन सतरा.”
“शिरसोली, दोन छत्तीस.”
कुणाकुणाचे आवाज गोळा करून
एका लांब कागदावर तिरकी रेघ ओढायचे,
आणि ती रेघ म्हणजे गाडी.
रोज दुपारी चारला सगळ्या स्टेशनांना एकदम सांगायचे:
चार वाजले, घड्याळं लावा.
मी विचारलं होतं, रोज कशाला?
“अवो, घड्यायबी थकतं नं.”

सेवंतीचा अर्ज क्रमांक मला पहिल्यांदा सापडला
अकरा एकवीसला, आठव्यावर. पान अर्धवट गेलं.
अकरा चौतीस, साठावा. तुटलं.
अकरा चाळीस, तिसरा. फोटो मोठा आहे, म्हणाला.
एक्केचाळीस. बेचाळीस. पुन्हा बेचाळीस.
मग सोळा मिनिटं काहीच नाही.
त्या सोळा मिनिटांत ती टेकडीवर चढली
की कुणाचा फोन मागायला गेली,
हे कुठल्याच वहीत नाही.

अकरा अठ्ठावन्न, अकरा सेकंद:
दारावरच्या यंत्रानं तिला आत घेतलं,
सदतिसाव्याकडे धाडलं.
सदतिसाव्यानं लिहिलं: बारा दोन, तेवीस सेकंद.

दारापासून खोलीपर्यंत चार मिनिटं बारा सेकंद?
मी त्याच रात्रीचे दुसरे लोक काढले,
सदतिसाव्याकडे गेलेले.
प्रत्येकाला चार मिनिटं बारा सेकंद.
कमी नाही, जास्त नाही.
चाळीस किलोमीटर लांबचा असो की शेजारच्या गल्लीतला.

तेव्हा मी उठून पाणी प्यायले.
खिडकीखाली गाडीचे डबे जोडत होते, ठण्ण, ठण्ण.

तीन ओळींचा मेल लिहिला. पाठवला नाही.
सदतिसाव्याच्या सगळ्या ओळी
चार मिनिटं बारा सेकंद मागे सरकवल्या
आणि ढीग पुन्हा लावला.
बारा अर्ज मध्यरात्रीच्या अलीकडे आले.
एक सेवंतीचा.
बाकी अकरांची तक्रारच नव्हती.
क्रमांकावरून तालुका कळतो:
शहादा, नवापूर, धडगाव, धडगाव, यावल…
त्यांना स्क्रीनवर “मुदत संपली” दिसलं असेल
आणि त्यांना ते पटलं असेल.

सरांनी एकीचंच विचारलं होतं.
मी बारा क्रमांक लिहिले, एकाखाली एक.
मग सदतिसाव्याला वेळ सांगितली.

पहाटे चार वाजता एक गोष्ट तेवढी उरली:
हे घड्याळ कधीपासून पुढे होतं?
बघायला गेले.
वह्या तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात.
नियम मीच लावलेला.